ग्रॅव्हल सायकलला कालव्याची वाट बरी की पाणंद?

कच्चा_गडी
पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यात मोटारींशिवाय सलग 60-70 किलोमीटर ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटेसाठीची, रुंद टायरची) मारायची तर कालव्याच्या काठाला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे. नीरा डावा कालवा घ्या. वीर धरणाहून निघतो आणि बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात शिरतो. नदीपलीकडे उजवा फलटण-माळशिरसकडे जातो. पाणी आपोआप वाहायला हवं म्हणून कालवा समपातळी धरून वळत वळत जातो, उतार किलोमीटरला जेमतेम वीतभर. चढ नाहीतच. गिअरच्या चक्रांना पुढे 40 दात, मागे 11 ते 34, एवढ्यात काम भागतं.

वाट बहुतेक ठिकाणी उताराच्या अंगाला, भरावावर असते. मुरूम दाबून बसलेला, कडेला झाडं. फक्त वळणांमुळे डांबरीने 10 किलोमीटर असलेलं अंतर इथे 15-16 होतं, ते आधीच धरून चाला.

टायर 40 मिमी. 75 किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये हवा पुढे 32, मागे 36 पीएसआय. ट्यूब असेल तर मागे 45 च्या खाली जाऊ नका. मोरीच्या कडेवर रिम आपटली की ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

पाणंद रस्त्यांचं, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गावच्या कच्च्या वाटांचं, हल्ली फार कौतुक चालतं. मला ते नकाशावरच बरे वाटतात. पाणंद शेवटी कुणाच्या तरी उसात जाऊन संपते.

साडेसोळा_फूट
उसात संपते, कारण तुम्ही एकाच गावाचा नकाशा बघता.

गाव नकाशावर दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एक तुटक रेष म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. आपल्याला पहिली हवी. शेजारच्या दोन गावांचे नकाशे जोडून ठेवा. पाणंद शिवेला जिथे टेकते, तिथूनच पलीकडच्या गावाची गाडीवाट निघते का ते बघा. निघत असेल तर मार्ग जुळला. नाही तर शिवरस्त्याने हद्दीवरून अर्धा-एक किलोमीटर सरकून पुढची वाट सापडते का बघायचं. त्यानंतरच उपग्रहाचं चित्र उघडा. पिकाचे सरे वाटेवरून आडवे गेलेले दिसले तर समजा, वाट नांगरली गेली. दोन्ही बाजूंना बांधाची झाडं आणि मध्ये फिकट पट्टा दिसला तर चालू आहे.

अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला शेतकरी तहसीलदाराकडे जातो, मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली. ते त्याचं भांडण. सायकलवाल्याने काटेरी झाप दिसला की मुकाट मागे वळावं.

आणि तुमचा कालवा? काठ, भराव, वरची वाट, सगळं जलसंपदा विभागाचं. ती देखभालीसाठी ठेवलेली आहे, वहिवाटीसाठी नाही. जागोजागी तसे फलक असतात. पाणंदीवर मी हक्काने जातो, तुम्ही कालव्यावर मेहेरबानीने जाता.

पाटकरी_नाना
हक्काचं राहू द्या, आधी जिवाचं बघा.

अस्तर घातलेल्या कालव्याचा उतार साधारण दीडास एक. दीड हात आडवं, एक हात खाली. कोरडा असताना चढता येतो. आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) चालू असलं की काँक्रीटवर शेवाळ धरतं, बूट काय, अनवाणी पायही ठरत नाही. पट्टीचा पोहणारा कडेला येऊन परत परत घसरतो. म्हणून वाटेच्या शेताकडच्या चाकोरीतून जायचं, पाण्याकडच्या नाही. अंधारात जायचंच नाही. जिथं मातीचा काठ आहे तिथं वेगळा धोका: खेकड्या-घुशींनी पोखरलेली कड वरून धड दिसते आणि चाकाखाली बसते.

आवर्तनात शेतकऱ्यांचे पाइप वाटेवर आडवे असतात, वर माती लोटलेली. पाइप तिरका ओलांडला की पुढचं चाक त्याच्याच दिशेने घसरत जातं. काटकोनात, पॅडल न मारता, बूड उचलून.

वाट सलग दिसते तीही फसवणूकच. ओढा आला की कालवा जलसेतूवरून पुढे जातो, वाट मात्र खाली ओढ्यात उतरते नाहीतर तिथंच संपते. काही जण सेतूच्या दीड फुटी भिंतीवरून सायकल खांद्यावर घेऊन जातात. हे करू नका.

कच्चा_गडी
नाना, म्हणून तर दोन आवर्तनांच्या मधल्या कोरड्या दिवसांत जावं.

पाटकरी_नाना
त्याच दिवसांत पोकलेन गाळ काढतं. तो गाळ टाकतात कुठं? तुमच्या वाटेवर.

रेगूर
दोघांचंही भांडण मुरमाच्या भरवशावर चाललंय. अहो, बारामतीच्या खाली गेलात की काळी माती आहे! पाणंदीला मुरूम पडला नसेल, किंवा कालव्याचा भराव शेजारच्याच मातीचा असेल, तर 10 मिलिमीटर पाऊस पुरतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. पहिल्या पन्नास मीटरात टायरवर एक थर चढतो, त्या थराला गवत आणि खडे चिकटतात, मग ते कडबोळं फोर्कच्या खाली अडकतं. टायरच्या बाजूंना 6 मिमी जागा असली तरी तेच, 15 असली तरी तेच, फक्त दोनशे मीटर उशिरा.

खरं नुकसान पुढे होतं. चाक अडलंय हे न कळता माणूस जोर लावतो. चेनमध्ये चिखल, मागचा डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) स्पोकमध्ये ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी धरणारा हँगर मोडतो. पेडल जड झालं की त्या क्षणी उतरा. ढकलूही नका, उचला. बाभळीच्या काडीने चिखल काढा, ओला असतानाच. वाळला की वीट होते. आपल्या फ्रेमचा जादा हँगर सोबत हवाच. दोन फ्रेमचे हँगर सहसा एकमेकांना लागत नाहीत, त्यामुळे मित्राचा उपयोग नाही.

मुरमाची वाट एका उन्हात वाळते, काळ्या मातीला चार दिवस द्या. जून ते दसरा या भागात कच्च्यात शिरूच नये, कालवा असो की पाणंद.

कच्चा_गडी
पावसाळ्याचं मान्य, आधी लिहायला हवं होतं. पण मग उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. पाणंदीतून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो. साडेसोळा फुटांत तुम्ही उभे कुठे राहणार? बांधावर चढून?

साडेसोळा_फूट
हो, बांधावर चढून. ट्रॅक्टर ताशी दहा-पंधराने येतो आणि त्याची गाणी अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येतात, डांबरीवरच्या मोटारीसारखा अंगावर येत नाही. मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला कापते, म्हणून वळणाच्या आतल्या अंगाला थांबू नका एवढंच. खरा त्रास त्याने पाडलेल्या चाकोऱ्यांचा. वीतभर खोल चाकोरीत पेडल जमिनीला लागतं. मधल्या उंचवट्यावरून चालवा.

शिवाय तोडीचा फड आज कोणत्या शिवारात आहे हे चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं.

सराटा_2
वीस ओळी टायरच्या हवेवर आणि काट्यावर एकही नाही?

सराट्याचं फळ वाटेच्या मधोमध, त्या तुमच्या उंचवट्यावरच पसरलेलं असतं. काटा चार-पाच मिमी. ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) असेल तर कळतही नाही. 40 मिमीच्या टायरला 60 ते 80 मिली घाला. आपल्या उन्हात ते दोन-अडीच महिन्यांत सुकतं. व्हॉल्व्हची आतली पिन काढून सळी घालून बघा, ओली निघाली पाहिजे.

बाभळीचं प्रकरण वेगळं. दोन इंची काटा टायर भेदून आत जातो आणि समोरच्या रिम टेपला (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) टोचतो. मग हवा टायरच्या भोकातून न जाता स्पोकच्या भोकांतून फुसफुसते. लोक टायरमध्ये एकावर एक प्लग कोंबतात आणि हवा काही थांबत नाही. स्पोक रिमला जिथे जोडतो त्या निप्पलपाशी थुंकी लावून बघा, बुडबुडे आले तर टेप गेलीय. व्हॉल्व्ह काढून ट्यूब घाला, पण आधी टायरच्या आतून बोट नव्हे, कापडाचा बोळा फिरवा. मोडलेली टोकं कापडाला अडकतात.

काटा दिसला की उपटू नका. तो भाग खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथे जमू द्या, पंप हाताशी घ्या, मग पकडीने सरळ ओढा.

आणि कालव्याच्या काठी वेडी बाभूळ तोडून फांद्या वाटेवरच टाकतात. कच्चा_गडी यांची ‘कडेला झाडं’ ती हीच.

माळचंडोल
कुणी तिसरा पर्याय म्हणून माळरान सुचवायच्या आत लिहितो. बारामती-इंदापूर तालुक्यांतले शिरसुफळ, कडबनवाडीकडचे माळ मोकळे दिसतात, पण त्यातला बराच भाग वनखात्याचा आहे आणि परवानगीशिवाय आत जाता येत नाही. चंडोल आणि धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, मातीच्याच रंगाची. मळलेल्या वाटेवरून गेलात तर ठीक, चारजण शेजारी शेजारी पसरून गेलात तर काय चिरडलं ते कळणारही नाही. मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबच उतरा, सायकल कुत्र्यांच्या आणि आपल्या मध्ये धरा आणि मेंढक्याला हाक मारा. पळालात की कुत्री मागे लागतातच.

कच्चा_गडी
बरं. कालवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त मुरमाचे आणि फलक नसलेले टप्पे, जलसेतू आला की आधीच गावाकडे उतरायचं आणि तिथून पाणंदीने पुढचा टप्पा गाठायचा. एवढ्यावर साडेसोळा_फूट राजी का?

साडेसोळा_फूट
फलक नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही. पाणंदीचा भाग मान्य.

पाटकरी_नाना
निघायच्या आदल्या दिवशी शाखा कार्यालयात आवर्तनाची तारीख विचारा. परवानगीचंही तिथंच विचारून घ्या, म्हणजे तुम्हा दोघांचं मिटेल.