मदत हवी आहे: गिअरबॉक्सचं ऑइल काढलंय, भरायचा प्लग सुटत नाही

घाटवाट · शनिवार, दुपारी १२:१०
गाडी २ लाख १० हजार चाललेली. सकाळी दुसरा गिअर टाकताना करकर होते म्हणून ऑइल बदलायला घेतलं. खालचा प्लग काढला, ऑइल निथळलं, प्लग परत बसवला. आता भरायचा वरचा प्लग जागचा हलत नाही. पाना घसरतोय, कोपरे गोल व्हायला लागलेत. ईपी ९० गिअर ऑइल दोन लिटर आणून ठेवलंय. सोमवारी पहाटे निघायचं आहे. काय करू? आणि किती ऑइल बसतं?

अनुजा_प · १२:२२
कोणती गाडी? वर्ष? पेट्रोल की डिझेल? फोर बाय फोर आहे का? हे न सांगता "किती बसतं" याचं उत्तर कुणीच देऊ शकणार नाही.

निवांत_चालक · १२:३१
२ लाखांच्या पुढे ट्रान्समिशन ऑइल बदलूच नये. जुन्या ऑइलमधल्या बारीक कणांवरच आतल्या क्लच प्लेटा पकड घेतात. नवीन ऑइल घातलं की गिअर स्लिप व्हायला लागतात. जे काढलंय ते गाळून परत घाला.

आटे_पाने · १२:४०
@निवांत_चालक, ते ऑटोमॅटिकबद्दल बोललं जातं. इथे माणूस दुसरा गिअर हाताने टाकतोय, म्हणजे मॅन्युअल. मॅन्युअल बॉक्समध्ये ऑइलात भिजलेल्या क्लच प्लेटा नसतात, गिअर, बेअरिंग आणि पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) असतात. तिथे जुन्या ऑइलमधला चुरा फक्त नुकसान करतो. काढलेलं ऑइल परत घालू नका.

@घाटवाट, गाडीचं नाव सांगा. आणि नेमकं किती ऑइल निघालं तेही मोजून सांगा.

घाटवाट · १२:५२
हो, राहिलंच. मारुती जिप्सी किंग, २००४, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली). ऑइल पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त निघालं. काळं होतं, पण पाणी नव्हतं. प्लगचं सांगा आधी.

आटे_पाने · १:०५
प्लगच्या आधी एक गोष्ट. गाडीखाली परत जा आणि ज्या बॉक्सचं ऑइल काढलंत त्याला किती प्रोपेलर शाफ्ट (ताकद नेणारे फिरते दांडे) जोडलेले आहेत ते मोजा.

जिप्सीचा गिअरबॉक्स इंजिनाला, क्लच हाउसिंगच्या मागे जोडलेला असतो. त्याच्या मागून एक आखूड शाफ्ट निघतो आणि वेगळ्या टांगलेल्या ट्रान्स्फर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) जातो. ट्रान्स्फर केस तीन रबरी माउंटिंगवर चेसिसला लटकलेली असते, आणि तिथे तीन शाफ्ट भेटतात: एक गिअरबॉक्सकडून आलेला, एक पुढच्या ॲक्सलला जाणारा, एक मागच्या.

गिअरबॉक्समध्ये १.३ लिटर बसतं, ट्रान्स्फर केसमध्ये ०.८. पाऊण लिटरच निघालं म्हणजे मला दाट शंका आहे की तुम्ही ट्रान्स्फर केस रिकामी केली आहे. गिअरबॉक्सला अजून हात लागलेलाच नाही.

घाटवाट · १:२४
तीन शाफ्ट आहेत. स्पीडोमीटरची केबलही तिथेच जाते. म्हणजे ट्रान्स्फर केसच. मग असं करू का, सोमवारी टूएचमध्येच (फक्त मागची चाकं, नेहमीचा हाय रेंज) गाडी नेतो, फोर बाय फोर लावतच नाही. तिथे पोचलो की कुणाकडून तरी भरून घेईन.

रानवाट · १:२९
टूएचमध्ये चालेल. फोर व्हील न लावता ट्रान्स्फर केसला काम काय?

आटे_पाने · १:३३
अजिबात चालवू नका. फाटकापर्यंतसुद्धा नको.

@रानवाट, बऱ्याच गाड्यांत हाय रेंजला ताकद ट्रान्स्फर केसमधून सरळ शाफ्टने पार होते. जिप्सीत तसं नाही. इथे टूएचमध्येही ताकद गिअरच्या जोडीतून, काउंटर शाफ्टवरून (बाजूच्या समांतर शाफ्टवरून) फिरून जाते. हायचा रेशो १.४०९ आहे, लोचा २.२६८. मागच्या चाकाला मिळणारी सगळी ताकद त्या दात्यांवरून जाते. ऑइल नसेल तर आधी नीडल बेअरिंग जळतात, मग दाते निळे पडतात.

रानवाट · १:४१
मान्य, हे माहीत नव्हतं.

बाबा_मिस्त्री · १:४५
प्लगसाठी सरळ उपाय सांगतो. वेल्डिंगवाल्याला बोलवा, प्लगच्या डोक्यावर मोठा नट वेल्ड करा. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लग सैल होतो आणि नवीन नटावर पाना पूर्ण बसतो. पाच मिनिटांचं काम.

अनुजा_प · १:५२
उपाय चालतो, पण शेवटी. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आत ऑइलची वाफ आहे, वर पेट्रोलच्या लाइनी आहेत, आणि एमपीएफआय गाडीत बॅटरी न काढता वेल्डिंग केलं तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) धोक्यात. दुपारचे दोनच वाजताहेत, अजून बरंच करून बघता येईल.

@घाटवाट, या क्रमाने जा:
वायर ब्रशने प्लगभोवतीची माती पूर्ण काढा. खोबणीत माती असेल तर पाना पूर्ण खोल बसत नाही, आणि घसरण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. मग गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास सोडा. ॲडजस्टेबल पाना बाजूला ठेवा. प्लगला घट्ट, अजिबात न हलणारा पाना लागतो. तो जागेवर बसवून त्याच्या टोकावर हातोडीचे सरळ, कोरडे ठोके द्या, आठ-दहा. आट्यांमधला गंज त्या धक्क्याने फुटतो.

पहिला जोर सोडायच्या दिशेने नको. किंचित घट्ट करा. थोडा जरी हलला तरी गंजाची पकड तुटली असं समजा, मग उलटा फिरवा. दांडी लांब घ्या, पण झटके नकोत, दाब हळूहळू वाढवत न्या.

आटे_पाने · २:०१
यात एक भर. नाही सुटला तर हीट गनने प्लगच्या भोवतीचं केसिंग तापवा, प्लग नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून भोक मोठं होतं आणि प्लग सैल होतो. तापवण्याआधी स्प्रे फडक्याने पूर्ण पुसा, तो पेट घेतो. ज्योतीचा टॉर्च गाडीखाली नको.

गाडी जॅकवर असेल तर आधी घोड्या (जॅक स्टँड) लावा. लांब दांडीवर जोर देताना गाडी जॅकवरून सरकते. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा.

आणि पुढच्या वेळेसाठी, गिअरबॉक्स असो की डिफरेन्शियल (ॲक्सलमधला, चाकांना ताकद वाटणारा भाग), भरायचा प्लग आधी सोडायचा. तो सुटला तरच खालच्याला हात लावायचा.

बाबा_मिस्त्री · २:१०
वेल्डिंगच्या वेळी बॅटरी काढायची असतेच, ते वेगळं सांगायची गरज नव्हती. पण कोपरे गोल झाल्यावर हीट गनचा काय उपयोग? पाना धरणार कशाला?

अनुजा_प · २:१४
"गोल व्हायला लागलेत" असं लिहिलंय, गेले असं नाही. म्हणूनच आत्ता थांबून योग्य पाना आणायला सांगतेय.



घाटवाट · ३:४८
स्प्रे, ठोके, हीट गन सगळं केलं. घट्ट करायच्या दिशेने अगदी किंचित हलल्यासारखा वाटला, पण सुटत नाही. पाना आता नीट बसतोय. दुसरा काही मार्ग?

मेलबर्नकर · ३:५९
आहे. ही गाडी इथे सिएरा म्हणून विकली गेली, केस तीच. ट्रान्स्फर केस वरूनही भरता येते. गाडीच्या आतून ट्रान्स्फर लिव्हरचा रबरी बूट वर सरकवा. आधी आजूबाजूची धूळ व्हॅक्युम करून ओल्या फडक्याने पुसा, कारण आता खाली पडेल ते थेट गिअरवर. लिव्हर धरून ठेवणारी टोपी खाली दाबून फिरवली की लिव्हर वर येतो. त्या तोंडातून नरसाळ्याने ८०० मिली मोजून ओता. आधी पूर्ण निथळलेली आहे, म्हणून मोजलेलं प्रमाण पुरतं. त्याहून जास्त नको, जादा ऑइल ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या तोंडातून) किंवा सीलमधून बाहेर येतं.

आटे_पाने · ४:०६
उत्तम. सोमवारसाठी हेच करा. फक्त खालचा प्लग परत तपासा: वॉशर नसेल तर आट्यांना सीलंट लावलंय ना? फार आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे गेले तर काम खूप वाढेल. भरायचा प्लग नंतर सावकाश सोडवता येईल.

घाटवाट · ५:३०
वरून भरलं, ८०० मिली. लिव्हर बसला, रेंज नीट पडताहेत, खाली गळती नाही. मनापासून आभार. आता दुसऱ्या गिअरच्या करकरीसाठी गिअरबॉक्स करतो. १.२ लिटर उरलंय, तेवढं चालेल?

आटे_पाने · ५:४१
नाही. १.३ लागतं, अजून एक बाटली आणा. १०० मिली कमी म्हणजे वरच्या शाफ्टच्या बेअरिंगला चढावर ऑइल कमी पोचतं. आणि बाटलीच्या मागे जीएल-४ लिहिलंय की जीएल-५ (गिअर ऑइलचे प्रकार), ते वाचून सांगा.

घाटवाट · ५:४९
जीएल-४.

रानवाट · ५:५५
जीएल-५ वरच्या दर्जाचं आहे, तेच सगळीकडे घाला. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर, दोन्ही डिफरेन्शियल, एकच ऑइल. चुकायला जागाच नाही.

आटे_पाने · ६:०८
इथे माझा ठाम विरोध आहे. ४ आणि ५ हे चांगलं-वाईट असे क्रमांक नाहीत, कामं वेगळी आहेत. डिफरेन्शियलच्या हायपॉइड गिअरमध्ये दाते एकमेकांवर घसरत फिरतात, तिथे प्रचंड दाब येतो. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं. पण सिंक्रो रिंगेला काम करायला घर्षण लागतं. फार निसरडं ऑइल घातलं की रिंग गिअरचा वेग वेळेत जुळवू शकत नाही आणि करकर वाढते. शिवाय काही जीएल-५ ऑइलं पितळ खातात.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फरला जीएल-४, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. डिफरेन्शियलना जीएल-५.

रानवाट · ६:१७
आजची जीएल-५ ऑइलं पितळाला त्रास देत नाहीत, सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

आटे_पाने · ६:२२
काही देत नाहीत, खरं आहे. पण घर्षणाचा मुद्दा उरतोच, आणि यांची तक्रार सिंक्रोचीच आहे.

बाबा_मिस्त्री · ६:३०
करकर आवाज १४० नंबरने दबतो. जुन्या गाडीला जाड ऑइलच हवं. आणि भरण्याआधी अर्धा लिटर रॉकेल घालून दोन मिनिटं चालवून काढा, आत लख्ख होतं.

अनुजा_प · ६:४४
१४० ने बेअरिंगचा गुणगुणाट थोडा दबेल, पण यांची करकर सकाळी, थंड असताना होते. थंड जाड ऑइल रिंगेखालून लवकर सरकत नाही, म्हणजे त्रास वाढणार. रॉकेल तर नकोच: खोलगट जागेत उरतं, नवीन ऑइल पातळ करतं, आणि त्या दोन मिनिटांत बेअरिंग कोरडे फिरतात. स्वच्छ करायचंच असेल तर गाडी १०-१५ किलोमीटर फिरवून गरम असताना ऑइल काढा, २० मिनिटं निथळू द्या. फार घाण निघाली तर नवीन भरून ५०० किलोमीटरने पुन्हा बदला.

@घाटवाट, त्याआधी क्लच तपासा. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. तिथेही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबलची मोकळी चाल ॲडजस्ट करा, ऑइलने तो दोष जाणार नाही.

घाटवाट · रविवार, सकाळी ११:१५
रिव्हर्स शांत पडला, म्हणजे क्लच ठीक. गिअरबॉक्सचा भरायचा प्लग आधी सोडला, लगेच सुटला. ऑइल उन्हात धरलं तर सोनेरी चमक दिसते. तुकडे नाहीत. जीएल-४ नवीन भरलं, भोकाच्या काठाला येईपर्यंत, बरोबर १.३.

आटे_पाने · ११:२४
सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो रिंगेचं पितळ. करड्या लोण्यासारखा थर किंवा थोडी चमक चालते. सुईसारखे तुकडे किंवा दात्याचा टवका निघाला असता तर बॉक्स उघडावाच लागला असता. नवीन ऑइलने करकर कमी होईल, पण झिजलेली रिंग भरून येत नाही. दुसरा टाकताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा.

घाटवाट · दुपारी १:०२
जोरात होतो म्हणून डिफरेन्शियलही घेतले. मागचं ठीक, काळं. पुढच्यातून मात्र चहासारखं दुधट ऑइल आलं, आणि डाव्या चाकाच्या आत, चाक वळतं त्या सांध्याच्या गोळ्याभोवती पातळ ग्रीस ओघळलंय. दोन्हींत दीड-दीड लिटर जीएल-५ घालू ना?

अनुजा_प · १:१५
नाही. मागे १.५, पुढे २.०. पुढच्यात ऑइल अर्धा लिटर कमी राहणं ही या गाडीत नेहमीची चूक आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून भोकाच्या काठापर्यंत भरा.

आटे_पाने · १:२८
दुधट म्हणजे पाणी शिरलंय. गरम ॲक्सल ओढ्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर तीच ओढ सीलमधून पाणी आत घेते. ॲक्सलवरचा ब्रीदर काढून साफ करा, त्याची टोपी बोटाने हलली पाहिजे.

पुढच्यात आज साधं जीएल-५ भरा, २००-३०० किलोमीटरने काढून बघा. पुन्हा दुधट आलं तर आणखी एकदा.

डाव्या गोळ्यातलं पातळ ग्रीस मात्र वेगळं. आतलं ॲक्सल सील गेलंय, डिफरेन्शियलचं ऑइल गोळ्यात जाऊन तिथलं ग्रीस पातळ करतंय. उद्याच्या प्रवासाला अडचण नाही, पण रोज संध्याकाळी चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघा. ओघळ ब्रेकपर्यंत आला असेल तर तिथेच थांबा. परत आल्यावर सील, गोळ्याचं वायपर सील आणि नवीन ग्रीस एकत्रच करा, कारण त्या सीलपर्यंत जायला चाकाची बाजू पूर्ण उघडावीच लागते.

घाटवाट · २:४०
ब्रीदर गच्च बंद होता, मातीचा गोळाच निघाला. साफ केला. पुढे २.०, मागे १.५ भरलं. जुनं ऑइल डब्यात भरून जवळच्या गॅरेजच्या पिंपात दिलं. सीलचे दोन सेट आणायचे की एकाच बाजूचा?

आटे_पाने · २:४६
दोन्ही बाजूंचे. उजवं सीलही तेवढंच चाललेलं आहे.