अंतर्वस्त्रांची खरेदी : आपापले अनुभव सांगा

परभणीहून :
काल वडिलांची पेटी आवरताना निळ्या पट्ट्यांची, नाडीची चड्डी हाती लागली. मोंढ्याजवळच्या शिंप्याकडून ते एकाच ताग्यातून स्वतःसाठी आणि आम्हा दोघा भावांसाठी चड्ड्या शिवून घेत, आणि आई सेफ्टी पिन अडकवून नाडी ओवत असे. चाळिशी उलटल्यावर मी प्रथमच मोबाइलवरून गडद हिरवी ट्रंक, म्हणजे मांडीपर्यंत पाय असलेली चड्डी, मागवली, तेव्हा स्वतःच्या पसंतीचा रंग निवडण्यातला आनंद मला कळला. आपणही लिहावे.

लातूरहून :
गंजगोलाईत आमचे होजिअरीचे दुकान होते. गिऱ्हाईक मान खाली घालून "नव्वद द्या" एवढेच म्हणे आणि कागदात गुंडाळलेला नग घेऊन निघून जाई; नव्वद म्हणजे सेंटिमीटर, साधारण ३५ इंच, हे फार थोड्यांना ठाऊक असे. आता मी तमिळनाडूतल्या तिरुपूरहून माल आणून ऑनलाइन विकतो. माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर मागवलेले पार्सल दारातूनच परत आले, तर दोन्ही बाजूंचे भाडे माझ्याच अंगावर पडते, आणि सील फुटलेला नग आरोग्याच्या कारणाने मी पुन्हा विकत नाही. म्हणून मापाचा तक्ता मराठीत, टेपने कंबर कशी मोजावी याच्या चित्रासह दिला, तेव्हा परतीचा माल निम्म्यावर आला.

बीडहून :
आमच्याकडे ही खरेदी मीच करते, कारण यांना दुकानात विचारण्याचा संकोच वाटतो. सासऱ्यांनाही मऊ इलॅस्टिकची मागवून दिली; घट्ट इलॅस्टिकमुळे त्यांच्या कमरेवर वळ उठत असत, ते आता उठत नाहीत. याबद्दल बोलायला कसली लाज, असे मला मनापासून वाटते.

नांदेडहून :
ब्रीफ, म्हणजे बिनपायांची चड्डी, १९३५ साली शिकागोत प्रथम विक्रीला आली, पण आमच्या तालमीत मी लंगोटावरच वाढलो. मे महिन्यात पॉलिस्टरची घट्ट चड्डी घालून दिवसभर मोटारसायकलवर फिरलो आणि जांघेत गजकर्ण झाले; औषध लावूनही ते महिनाभर हटले नाही. तेव्हापासून सुती किंवा मोडालचीच घेतो. मोडाल हा बीच वृक्षाच्या लगद्यापासून तयार होणारा धागा आहे, घाम चांगला शोषतो.

जालन्याहून :
लातूरचे काका, माझी कंबर ३४ इंच आहे, तर ८५ घ्यावी की ९०? मांड्या जाड आहेत.

लातूरहून :
दादा, ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर होतात. मांड्या जाड असतील तर ९० ची, लांब पायाची ट्रंक घ्यावी. आखूड पायाची वर गुंडाळली जाते आणि काचते.