सनी ओझुना : स्वतःचं लेबल काढलं ते चुकलंच का?

तबकडीप्रेमी :
सनी ओझुना हा टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचा गायक, जन्म १९४३. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी जे सोल संगीत (कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गाणं) गायलं, त्याला चिकानो सोल म्हणतात. त्यातला हा फार मोठा आवाज. १९६३ साली 'सनग्लोज' या बँडबरोबर त्याने 'टॉक टू मी' गायलं आणि ते 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या हॉट १०० यादीत ११व्या क्रमांकावर पोचलं. हेच गाणं लिटल विली जॉनने १९५८ साली गायलं तेव्हा २०व्यापर्यंतच गेलं होतं. म्हणजे मूळ गायकाच्याही पुढे! 'अमेरिकन बँडस्टँड' या देशभर दिसणाऱ्या टीव्ही कार्यक्रमात झळकलेला हा माणूस पुढे 'की-लॉक' नावाचं स्वतःचं लेबल (तबकड्या काढणारी कंपनी) काढून बसला आणि देशपातळीवरून दिसेनासा झाला. एवढा गळा असलेल्या माणसाने धंद्याच्या भानगडीत पडायला नको होतं, असं माझं ठाम मत आहे.

रेघ आणि सुई :
तुमचा क्रम उलटा लागलाय. 'टॉक टू मी' निर्माता ह्यूई मो याच्या 'टिअर ड्रॉप' लेबलवर आलं. त्यानंतर 'रॅग्ज टू रिचेस' ४५व्या क्रमांकावर अडलं, 'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड' १९६४ साली ७१व्यावर. घसरण की-लॉकच्या आधीच सुरू झाली होती. तिन्ही गाणी दुसऱ्यांची, जुनी, संथ. त्यात १९६४च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले आणि रेडिओवरची जागा एकदम आक्रसली.

आता पैशांचं बघू. तेव्हाच्या कायद्याने एका तबकडीवरच्या एका गाण्यामागे गीतकार-प्रकाशकाला मिळून २ सेंट. समजा लाख प्रती खपल्या, तर २,००० डॉलर. 'टॉक टू मी'चा गीतकार जो सेनेका, त्यामुळे त्यातला छदामही सनीचा नाही. रेडिओवर गाणं वाजलं तर अमेरिकेत पैसे गीतकाराला मिळतात, गायकाला नाही, आजही नाही. गायकाच्या वाट्याला विक्रीवरची टक्केवारी, तीही बहुतेक करारांत स्टुडिओचा खर्च वळता करून. मग गाणं ११व्या क्रमांकावर जाऊन गायकाच्या हातात काय पडतं? नाव, आणि त्या नावावर मिळणारे नाचाचे कार्यक्रम.

हॅमंडचा भाता :
आणि नावही हातात राहिलं नाही, हे विसरू नका. बँड फुटला तेव्हा 'सनग्लोज' हे नाव ड्रमर मॅनी गेराकडे गेलं. त्याच नावाने १९६५ साली 'पीनट्स' हे वाद्यगीत हॉट १००मध्ये आलं. सनीला 'सनलाइनर्स' नावाने पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागलं. एकदा नाव गमावलेला माणूस पुढच्या वेळी लेबल स्वतःच्या ताब्यात ठेवणारच.

तबकडीप्रेमी :
आकडे मान्य. घसरण आधीची, हेही मान्य. तिथे मी चुकलो. पण ह्यूई मो याचीच दुसरी बाजू बघा. फ्रेडी फेंडर हाही टेक्ससचाच, मेक्सिकन वंशाचा. मोने त्याचं गाणं रेकॉर्ड केलं, ते मोठ्या 'एबीसी-डॉट' कंपनीकडून देशभर गेलं आणि १९७५ साली पहिल्या क्रमांकावर पोचलं. छोटं लेबल एकट्याने एवढं खेचू शकत नाही. उलट गाणं चाललं तर तेच गोत्यात येतं : तबकड्या छापणाऱ्याला पैसे आधी मोजायचे, वितरक देणार दोन-तीन महिन्यांनी, न खपलेला माल परत येणार तो वेगळाच. शनिवार-रविवार नाचघरात गाणाऱ्या माणसाने हे कधी सांभाळायचं?

रेघ आणि सुई :
म्हणूनच सनीने देशभराच्या मागे न धावता नाचघरं आणि ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं वाजवायची यंत्रं) धरले. टेक्ससमधल्या अशा बँडांची ४५ आरपीएमची तबकडी हातात घेऊन बघा : पुष्कळदा एका बाजूला इंग्रजी सोल, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश रांचेरा (मेक्सिकन लोकगीत) नाहीतर बोलेरो (संथ प्रेमगीत). एकच तबकडी तरुण आणि थोरल्या, दोन्ही पिढ्यांना चालायची. मोठ्या कंपनीत हे जमत नाही. तिथे इंग्रजीचा विभाग निराळा, स्पॅनिशचा निराळा, आणि दोन्हीकडचे साहेब म्हणणार, हा आमचा नाही.

'स्माइल नाऊ, क्राय लेटर' ऐका. की-लॉकचंच. गाण्यात घाई नाही, ब्रास (पितळी फुंकवाद्यं) सुराच्या मागे उभं राहतं, सनी शब्द किंचित मागे ओढून टाकतो. लोरायडर (जमिनीलगत बसवलेल्या सजवलेल्या) गाड्या मिरवणाऱ्या चिकानो वस्त्यांत हे गाणं 'टॉक टू मी'पेक्षा जास्त जपलं गेलं, हॉट १००मध्ये नसूनही.

जुना बाजार :
जपलं गेलं खरं, पण चोरट्या प्रतींतूनही. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत केंद्रीय कॉपीराइटच नव्हता, राज्याराज्यांचे वेगवेगळे कायदे होते. टेक्ससच्या माणसाने चोरटी संकलनं काढणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कुणाशी भांडायचं म्हणजे वकिलाची फी वसुलीपेक्षा जास्त. केंद्रीय संरक्षण मिळालं थेट २०१८च्या कायद्याने. मधल्या काळात मालकी असून किती उपयोग झाला, हा प्रश्न तबकडीप्रेमींच्या बाजूने जातो.

हॅमंडचा भाता :
उपयोग झाला. २०१७ साली ब्रुकलिनच्या 'बिग क्राउन' लेबलने 'मिस्टर ब्राउन आइड सोल' हे संकलन काढलं, ते की-लॉकच्या खजिन्यातून. बोलणी करायला एकच माणूस आणि तो स्वतः गायक. मोठ्या कंपनीच्या गोदामात मूळ टेप असती, तर आधी ती कुठल्या फडताळात आहे ते शोधा, मग चार वेळा विकल्या गेलेल्या कंपनीत सही कोणाची चालते ते शोधा. पुष्कळ पुनर्मुद्रणं इथेच अडतात.

तबकडीप्रेमी :
हा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी हळहळ राहतेच. 'टॉक टू मी'मधला वीस वर्षांचा आवाज आणि की-लॉकवरचा आवाज पाठोपाठ ऐका : दुसरा जास्त पिकलेला, जास्त खोल. तो पिकलेला आवाज बँडस्टँडवर पोचायला हवा होता.

रेघ आणि सुई :
इथे आपलं जमलं. फक्त की-लॉकची 'शुड आय टेक यू होम' आधी लावा आणि 'टॉक टू मी' नंतर.