‘पॉम्प’ म्हणजे भपका की थाट?

शब्दवेडी: १९५३ साली एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, त्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. ‘पॉम्प’साठी मी ‘थाट’ लिहिलं होतं, संपादकांनी खोडून ‘भपका’ केलं. मला अजिबात पटलेलं नाही. सुमारे चार टनांची सोनेरी बग्गी, तिला आठ घोडे. यात भपका कुठे आला? आत काही नसताना वरवर दाखवतात तो भपका. मुळात हा शब्द ग्रीक ‘पॉम्पे’. पाठवणं, आणि त्यावरून मिरवणूक. अथेन्सचे लोक अथेनादेवीसाठी विणलेलं वस्त्र वाजतगाजत ॲक्रोपोलिसकडे न्यायचे, तीही पॉम्पेच. आपल्याकडेही लेकीची ‘पाठवणी’ असते. तिला भपका म्हणाल?

कोरा कागद: कर्ज काढून केली तर म्हणेन! ताई, संपादकांचं बरोबर आहे. १६६२च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानासोबत जगाचा ‘पोकळ पॉम्प’ही सोडायची शपथ आहे. शिवाय ‘पॉम्पस’ माणूस म्हणजे बडेजाव करणारा. शब्दाला हा वास जुनाच आहे.

शब्दवेडी: मुळात पोकळच असता तर ‘पोकळ’ हे विशेषण लावावं कशाला लागलं असतं?

नदीकाठ: शेक्सपिअरचा ऑथेल्लो युद्धाच्या ‘पॉम्प’चा निरोप घेतो तो हळहळत. भपका सुटला म्हणून कोण हळहळतं? संगीतकार एल्गारने १९०१ साली रचलेल्या ‘मार्च’चं, म्हणजे संचलनाच्या सुरावटीचं, नाव त्याच ओळीतून घेतलं. भाचीच्या पदवीदानाला अमेरिकेत गेलो होतो, तिथे तोच वाजत होता. चाल इतकी संथ की मुलं अक्षरशः पाऊल मोजत आत येत होती. बहीण साडीवर स्वेटर घालून उभी, टाळ्या वाजवायचंही तिला सुचेना. त्या क्षणाला भपका म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

कोरा कागद: पदवीदानाचं मान्य, ती पोरं कष्ट करून तिथवर आलेली. पण १९५३ला ब्रिटनमध्ये मांस रेशनवर होतं, ते सुटलं जुलै १९५४मध्ये. घरात रेशनचं पुस्तक आणि रस्त्यात सोनेरी बग्गी. मी तरी भपकाच लिहिला असता.

शब्दवेडी: तुम्ही स्वतःचा लेख लिहीत असाल तर खुशाल लिहा. या लेखकाने रेशनचा उल्लेखही केलेला नाही, तो त्या मिरवणुकीने भारावलाय. त्याच्या तोंडी माझं किंवा संपादकांचं मत कसं घालू? उद्या ‘थाटमाट’ करून परत पाठवतेय.

कोरा कागद: ‘थाटमाट’ चालेल. कौतुकानेही म्हणतात आणि नाक मुरडूनही.