उखळीचा सांधा, पालथा हात आणि 'पायाचे अपहरण'

आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना व्यायामाचा छापील कागद मिळाला. मराठीत आहे म्हणून आधी बरं वाटलं, पण तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, 'पायाचे अपहरण, १० वेळा'. आईने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. अवयव शरीराच्या मधल्या रेषेपासून बाजूला नेण्याला इंग्रजीत 'अ‍ॅबडक्शन' म्हणतात, आणि माणूस पळवून नेला तरी तोच शब्द. भाषांतर करणाऱ्या यंत्राने दुसरा अर्थ उचलला, छापण्याआधी तो कुणी वाचला नाही. पुढे उलट हालचालीची ओळ होती, तीही अशीच दुर्बोध. खुब्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर पाय मधल्या रेषेच्या पलीकडे न्यायचा नसतो, पायावर पाय टाकायचा नसतो. तिथे शब्द चुकला तर सांधा निखळू शकतो.

कागद मी नव्याने लिहून काढतोय. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हालचालींना साधे मराठी शब्द कोणते? आणि खांदा-खुब्यासाठी शाळेत शिकलेला 'उखळीचा सांधा' हा शब्द योग्य आहे का? उखळात मुसळ वर-खाली होतं, खांदा तर सगळीकडे फिरतो.

प्रतिसाद
उखळीबद्दल आधी लिहितो, कारण हा शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, शरीराची रचना सांगणाऱ्या शारीरस्थान या भागात, २१० संधी म्हणजे सांधे मोजले आहेत: हातापायांत ६८, धडात ५९, मानेत व तिच्या वर ८३. त्यांचे आठ प्रकार सांगितलेत: कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल, शंखावर्त. उलूखल म्हणजेच आपलं उखळ. काख आणि जांघ यांच्याबरोबर त्याच प्रकारात दातही घातले आहेत. दात तर हलत नाहीत! म्हणजे नाव हालचालीवरून दिलेलं नाही, एकात एक बसण्याच्या आकारावरून दिलं आहे. खोलगट जागा आणि तिच्यात बसलेलं टोक, एवढंच उखळात पाहायचं. मुसळाला त्यात आणू नये.

इतर नावंही पाहण्यासारखी आहेत. कवटीचे सांधे तुन्नसेवनी, म्हणजे शिवलेल्या कापडासारखे. कवटीवरच्या त्या नागमोडी रेषा पाहिल्या तर दुसरा शब्द सुचणार नाही. जबड्याचा सांधा वायसतुंड, कावळ्याची चोच. कोपर आणि गुडघा कोर प्रकारात. तिथला 'कूर्पर' हाच आपला कोपर.

प्रतिसाद
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं वेगळं सांगते. उखळ खुब्याला चपखल बसतं, खांद्याला तितकं नाही. खुब्याची खोबण खोल असते, मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात बराचसा आत शिरलेला असतो. खांद्याची खोबण उथळ, बशीसारखी. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला. म्हणून खांदा जास्त फिरतो आणि म्हणूनच जास्त वेळा निखळतो, तोही बहुधा पुढच्या बाजूला. फक्त 'वाटी' हा शब्द खोबणीसाठी कागदात लिहू नका. आपल्याकडे वाटी म्हणजे गुडघ्याची वाटी. मी एकदा खुब्याची वाटी म्हणाले, आजोबा गुडघा चोळू लागले.

आता हालचाली. 'आकुंचन-प्रसरण' मी पेशंटसमोर वापरत नाही, कारण ते शब्द स्नायूला आणि हृदयाला लागतात. गुडघा दुमडताना मांडीमागचे स्नायू आकुंचन पावतात, आणि सरळ करताना मांडीपुढचे स्नायूही आकुंचनच पावतात. सांध्याच्या हालचालीला हाच शब्द दिला की माणूस गोंधळतो. गुडघा दुमडा, सरळ करा. कोपर वाकवा. पाय फाकवा, जवळ आणा. एका तक्त्यात फाकवण्याला 'अपवर्तन' वाचलं. ज्याने शाळेत प्रकाशाचं अपवर्तन शिकलंय त्याला तो शब्द काय सांगणार? 'फाकवा' म्हणायला काहींना संकोच वाटतो, तेव्हा 'पाय बाजूला न्या' म्हणते. तेही पुरतं, पण दोन्ही पायांची हालचाल असेल तर फाकवणेच नेमकं.

प्रतिसाद
हाताच्या बाबतीत मराठीकडे इतके सुंदर शब्द आहेत की परभाषेतून काही आणायची गरजच नाही. तळहात वर तो उताणा हात, तळहात खाली तो पालथा. तीर्थ घेताना हात उताणा, भाकरी थापताना पालथा. ही हालचाल मनगटात होते असं वाटतं, पण दुसऱ्या हाताने कोपराखाली धरून पाहा. अंगठ्याच्या बाजूचं हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावर आडवं येतं आणि परत जातं. म्हणजे 'कोपर हा बिजागरीचा सांधा' हे अर्धंच खरं. वाकवणं-सरळ करणं बिजागरीचं, पण तिथेच शेजारी दुसरा सांधा आहे, जो आसाभोवती फिरतो. असाच फिरणारा सांधा मानेत आहे: पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या उभ्या सुळक्याभोवती फिरतो, जात्याचा वरचा दगड मधल्या खिळ्याभोवती फिरतो तसा. 'नाही' म्हणताना मान हलते ती मुख्यतः तिथे. 'हो' म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर डोलते.

प्रतिसाद
पेर आणि सांधा एक नव्हेत, हे जाता जाता. पेर म्हणजे दोन सांध्यांमधला भाग, बोटाचं असो वा उसाचं. चार बोटांची पेरं बारा. अंगठा प्रत्येक पेरावर टेकवत जप मोजतात ना, ते जमतं अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खोगिरासारख्या सांध्यामुळे. म्हणून 'पेर दुखतंय' आणि 'सांधा दुखतोय' यांत डॉक्टरांना फरक पडतो.

प्रतिसाद
'फिरवणे' जपून वापरा. हात सरळ ठेवून हवेत मोठं वर्तुळ काढलं तरी आपण फिरवणे म्हणतो, आणि दंड जागच्या जागी आत-बाहेर केला तरीही. मी पहिल्याला फिरवणे आणि दुसऱ्याला वळवणे म्हणतो. खुब्याच्या पेशंटला हा भेद कळलाच पाहिजे: पाऊल आत वळवू नका म्हणजे सगळा पाय मुळापासून आत वळवू नका.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार. कागद असा झाला: 'उताणे झोपा. गुडघा सरळ. चवडा छताकडे. पाय हळूहळू बाजूला न्या, परत मध्ये आणा, मधली रेष ओलांडू नका. पाऊल आत वळवू नका. १० वेळा.' रेष कोणती हे आईने विचारलं, म्हणून गादीवर नेमकी मधोमध दोरी ठेवली. आज सकाळी तिने मला न विचारता दहा मोजले.

फक्त एक शब्द अजून अडला आहे. 'चवडा छताकडे' वाचून तिने पाऊल ताणून बोटं पुढे केली. मला चवडा नडगीकडे ओढायला सांगायचं होतं. 'चवडा स्वतःकडे ओढा' असं लिहू का?