लॅपटॉपसोबत विंडोज म्हणे ‘फुकट’!

खटपट्या: काल निवांत यांनी लिहिलं, “विंडोज लॅपटॉपसोबत फुकटच येतं, लिनक्स ही मोफत सिस्टीम वापरणाऱ्यांच्या पोटात का दुखतं?” डोकंच फिरलं. अहो, बिलात वेगळी ओळ नाही म्हणून पैसे घेतले नाहीत असं होत नाही. एकेकाळी मायक्रोसॉफ्टचे उत्पादकांशी करारच असे असायचे की दर प्रोसेसरमागे पैसे द्या, मशीनवर त्यांची सिस्टीम असो वा नसो. अमेरिकी न्याय खात्याशी १९९४ साली तडजोड झाली तेव्हा ते थांबलं.

माझं सांगतो. नवा लॅपटॉप उघडला, विंडोजचा करार पुढे आला: मान्य नसेल तर उत्पादकाशी बोला. बोललो, विंडोजचे पैसे परत मागितले. अकरा मेल झाल्यावर उत्तर काय, तर “अख्खा लॅपटॉप परत करा.” पूर्वी बुडाला विंडोजच्या लायसन्सचं स्टिकर तरी असायचं. आता लायसन्सची ‘की’, म्हणजे सांकेतिक क्रमांक, फर्मवेअरमध्येच, मशीनच्या चिपवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये. डिस्क कोरी करा, ती तिथेच ठाण मांडून.

निवांत: अकरा मेल! तेवढ्या वेळाची मजुरी धरली तर लायसन्स स्वस्त पडलं असतं हो. उत्पादकाला घाऊक दर असतो. शिवाय २०१६ साली सोनीच्या खटल्यात युरोपियन न्यायालयानेच म्हटलंय: असं जोडून विकणं मुळातच अनुचित नाही, आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी न सांगणं ही दिशाभूलही नाही.

खटपट्या: कायदेशीर आहे म्हणजे बरोबर आहे का?

तंत्रवेडी: विंडोजचं काय घेऊन बसलात! खरी खिसेकापू मंडळी कोडेकवाली, म्हणजे व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या तंत्राचे पेटंटवाले. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एमपेग-२ या डीव्हीडीच्या कोडेकची ‘की’ वेगळी मिळायची, २ पौंड ४० पेन्सला. ज्याला हवी तो घेईल. इतर उत्पादकांनी तोच खर्च गुपचूप किमतीत मुरवला. टीव्ही जोडायच्या एचडीएमआय खाचेची तर गंमतच: उत्पादकाने लोगो लावला तर नगामागे ५ सेंट, नाही लावला तर १५. म्हणजे त्यांची जाहिरात करा नि सूट घ्या!

आणि एचईव्हीसी हा नवा कोडेक? पेटंटवाल्यांचा एक गट असेल तर ना, जो तो वेगळे पैसे मागतो. परवा नव्या मशीनवर माझ्याच फोनचा एचईव्हीसी व्हिडिओ लावला. आवाज येतोय, पडदा काळा. चिपमध्ये तो उलगडणारा डीकोडर आहे, पण उत्पादकाने बंद करून ठेवलाय. एचपी आणि डेलच्या काही मॉडेलांतही हेच निघालं, २०२५ मध्ये.

निवांत: म्हणजे लपवून घेतले तरी बोंब, घेतलेच नाहीत तरी बोंब?

तंत्रवेडी: सांगून घ्या म्हणतेय! वाचता येतं ना?

कोपरखळी: जरा सबुरीनं. माझा भाऊ व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्येच आहे. वर्षानुवर्षं डोकं झिजवणाऱ्यांनी हवा खाऊन जगायचं का?

तंत्रवेडी: एव्ही१ हा कोडेक काढणारे तो रॉयल्टी न घेता देतातच की.

कोपरखळी: गूगल-नेटफ्लिक्सच्या जिवावर. तो खर्चही शेवटी तुमच्याच वर्गणीतून जातो, ताई.

खटपट्या: धागा विंडोजचा होता. आठवण करून देतो.

निवांत: बरं बाबा, ‘फुकट’ मागे घेतो. ‘किमतीत समाविष्ट’ म्हणतो. झालं समाधान?

खटपट्या: किती समाविष्ट, तो आकडा टाका. मग बाराव्या मेलला मुद्दा मिळेल.