मदत हवी आहे: दोन पोरं, बाजाराची पिशवी आणि एक देखणी कार्गो सायकल (सांगली)

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. शाळा दीड किलोमीटरवर, किराणा त्याच वाटेवर, मंडई मात्र गावात. घरात एकच स्कूटर, ती सकाळीच नवऱ्याबरोबर मिरजेला जाते. उरते माझी लग्नाआधीची लेडीज सायकल. गेली दोन वर्षं घरचा निम्मा बाजार तिनंच ओढलाय.

गेल्या रविवारी तिनं हात टेकले. हँडलला एका बाजूला कांदे-बटाटे, दुसऱ्या बाजूला मेथी, मागं कॅरिअरवर धाकटा. मी पैसे द्यायला वळले आणि साइड स्टँड चिखलात रुतला. पोराला दंडाला धरून ओढलं म्हणून तो वाचला. बटाटे थेट मिरचीवाल्या मावशींच्या ढिगात. मावशींनी एकेक वेचून दिला आणि वर ऐकवलं, "बाई, ही सायकल हाय का हातगाडी?"

घरी आल्यावर कॅरिअर नीट पाहिलं. धुळीखाली त्यावर २५ किलो असा छाप आहे. धाकटा १६, थोरली २३. म्हणजे दोघांना बसवायचा प्रश्नच नाही, मग पिशव्या तर सोडाच.

तेव्हापासून रात्री झोपायच्या वेळी कार्गो सायकली बघत बसते. डच लोक जिला बाकफीट्स म्हणतात ती, पुढं लाकडी पेटी आणि पेटीत पोरं. कोपनहेगनची तीन चाकांची क्रिस्टियानिया. आणि लाँगटेल, म्हणजे मागचं कॅरिअर लांब केलेली. टर्न जीएसडी ही त्यातली. तिची चाकं २० इंची आणि सायकल, माणसं, सामान मिळून २०० किलोपर्यंत चालतं म्हणे.

आता मुद्द्याचं. मला ती देखणी हवी. गडद हिरवा रंग, तपकिरी सीट, मडगार्ड नीट बसलेले. हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय, कारण घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "दूधवाल्याची सायकल घेणार का आता?" अहो, स्कूटर घेताना कुठला निळा घ्यायचा यावरून आम्ही तीन शोरूम पालथी घातली, तेव्हा कुणी हसलं नाही. जी वस्तू रोज दारात उभी राहणार, जिच्यावर थोरलीला मैत्रिणींसमोर शाळेत उतरायचंय, ती दिसायला बरी नको? नाही तर दोन महिन्यांत धूळ खात पडेल, हे मला माझ्याबद्दल पक्कं माहीत आहे.

बजेट ६०-७० हजार. त्या युरोपातल्या पेटीवाल्या मोटरच्या सायकली पाच हजार युरोच्या पुढं आहेत, ते नावच नको. सांगली सपाट आहे, चढ म्हणजे आयर्विन पुलाकडं जाताना जो काय लागतो तेवढाच. स्पीडब्रेकर मात्र पावलोपावली, आणि उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन चिंचांच्या सावलीतून हरिपूरला संगमावर जायचंय, हे खरं स्वप्न.

पुढं पेटी की मागं लांब कॅरिअर? मोटर लागेल का? कुणी इथं बनवून घेतली आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं. "सेकंडहँड कार घ्या" असा सल्ला कृपया नको, तो घरी फुकट मिळतो.

प्रतिसाद १

तीन वर्षं नेदरलँड्समध्ये होतो, पेटीवाली रोज चालवली. पोरं डोळ्यांसमोर राहतात, वजन खाली असतं, भर रस्त्यात पोरांशी गप्पा होतात. याला तोड नाही. पण पुढचं चाक पेटीच्याही पलीकडं, ते दांड्यानं वळवायचं. पहिली दहा मिनिटं माणूस दारू प्यायल्यासारखा जातो. चाकाकडं बघायचं नाही, लांब बघायचं, मग जमतं.

तीन चाकांची उभी असताना पडत नाही म्हणून लोक भुलतात. वळणावर वेग कमी केला नाही तर आतलं चाक उचलतं. दोन चाकांची कलते, ही कलत नाही.

तुमचा खरा प्रश्न जागेचा आहे. पेटीवाली साधारण अडीच मीटर लांब. लाँगटेल नेहमीच्या सायकलीएवढी किंवा थोडी जास्त. फाटक मोजा, आणि फाटकातून आत वळायची जागा त्याच्याही आधी मोजा.

प्रतिसाद २

ताई, कुपवाडला वेल्डर पायलीचे पन्नास मिळतील. "आणा की सायकल, दुपारपर्यंत लांब करून देतो" म्हणतील. देऊ नका. जुन्या काळ्या सायकलीची फ्रेम सांध्यांना पितळी झाळ लावून जोडलेली असते. तिथं जोरात वेल्डिंग मारलं की शेजारचा पाइप कमजोर होतो आणि सहा महिन्यांनी बरोबर तिथंच चीर जाते. मागं पोरं बसलेली असताना.

मूळ फ्रेम न जाळता मागं नटबोल्टनं बसणारी वेगळी चौकट करून घ्यायची. मागचं चाक त्या चौकटीत जातं, म्हणून चेन लांब लागते. बाहेर अशी तयार किट मिळतात, कल्पना नवी नाही. मागचं चाक २० इंची घ्या, लहान चाक मजबूत आणि कॅरिअर खाली येतं. आपल्या काळ्या सायकलीला मागं ४० तारा असतात आणि पुढं ३२, ते उगीच नाही. ज्यानं ठरवलं त्याला पोतं कुठं बसणार ते ठाऊक होतं. ब्रेक दांडीचे नकोतच, पावसात रिम ओली झाली की ते नुसते नावाला. दोन्हीकडं डिस्क.

आणि स्टँड! तुमचे बटाटे स्टँडनं पाडलेत. दूधवाल्याकडं बघा, घोडा असतो, दोन पायांचा रुंद. त्याला नावं ठेवू नका, कार्गो सायकल तोच पन्नास वर्षं चालवतोय.

प्रतिसाद ३

मोटरचं सांगते. माझ्याकडं साध्या सायकलीला मागच्या चाकात बसवलेली आहे. २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग २५ च्या आत असेल तर नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. जास्तीची घ्यायला दुकानदार आग्रह करतो, पण ती मग कायद्यानं सायकल राहत नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-अवर; दोन पोरं धरून किलोमीटरला १५ वॅट-अवर गेले तरी चोवीस किलोमीटर निघतात. सपाटीवर मोटर लागत नाही, सिग्नलवरून सुटताना लागते. तुम्हाला एप्रिलच्या उन्हात लागेल.

एक मात्र न विसरता: मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. माझ्या भाच्याची टाच तारांत गेली होती, दीड महिना प्लास्टर. पाय ठेवायला पट्टी हवी आणि ओढणी, साडी अडकू नये म्हणून चेनकव्हर पूर्ण.

प्रतिसाद ४

सायकलीला हसणाऱ्यांना सांगा, किर्लोस्करांचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला, पण लक्ष्मणरावांची सुरुवात बेळगावात १८८८ साली सायकलच्या दुकानानंच झाली. बाकी चालू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मोजमाप केलं. फाटक ३ फूट २ इंच, त्यात काही अडचण नाही. पण आत शिरल्याशिरल्या जिन्याची भिंत, मधे जेमतेम सात फूट. अडीच मीटर म्हणजे आठ फुटांच्या वर. पेटीवाली रोज उचलून वळवावी लागली असती. तेव्हा ती बाद, लाँगटेल नक्की. जरा हिरमोड झाला, पेटीतल्या पोरांचे फोटो फारच गोड होते.

मोटरची जागा आणि वायरिंग आत्ताच ठेवून घेते, बॅटरी उन्हाळ्याआधी. जाळी दोन्हीकडं, घोडा रुंद. वेल्डिंगचं सांगणाऱ्या दादांना खासगी निरोप पाठवलाय, चौकटीला पाइप कुठल्या जाडीचा ते सांगा.

मोजपट्टीचं दुसरं टोक सासूबाईंनी धरलं होतं. कॅरिअरवर पाठ टेकायला काही असेल का, विचारत होत्या. त्यांचं वजन ५४. बसवता येईल का हो?